टाकीभर प्रीमियम

"साधं की प्रीमियम?" पंपवाल्यानं नळी हातात घेऊन तोंडातल्या तोंडात विचारलं.

"काय म्हणतोय तो?" मागच्या सीटवरून साहेब म्हणाले.

"कुठलं घालू विचारतोय, साहेब. साधं की प्रीमियम."

"मग सांगा की. तुमचंच तर ठरलंय."

मामा या गाडीचे ड्रायव्हर. सगळं घर त्यांना मामा म्हणायचं, साहेबांची नातवंडंही आणि खुद्द साहेबही. पण ही काळी, लांबलचक गाडी हातात आल्यापासून तिच्या टाकीत काय जायचं हे मामांनी कधी ठरवलं नव्हतं. ते साहेब ठरवायचे. 'प्रीमियम म्हणजे नुसता डामडौल, साधंच घाला,' हा त्यांचा कायमचा हुकूम. टाकीच्या झाकणावर कंपनीनं चक्क 'प्रीमियमच घाला' असं छापलं होतं, पण साहेबांपुढे कंपनीला कोण विचारतो?

मग ती टकटक आली.

गेल्या आठवड्यात साहेब अचानक म्हणाले, "मामा, इंजिन टकटक करतंय. ऐकू येतंय ना?"

मामांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तरी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हो साहेब, येतंय की."

झालं! त्या एका 'हो'नं त्यांची झोप उडवली. गाडी कानांनी चालवायची, हा साहेबांचा नियम. आधीच्या ड्रायव्हरला मागून आलेल्या अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला नाही, तर साहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्याला हात जोडले. त्याच्या जागी मामा आले. आता मामांचे कान गेले म्हटल्यावर त्यांच्या जागी आणखी कोणी आला असता, आणि या वयात मामांच्या हातात दुसरी गाडी कोण देणार होतं?

बायको तर कधीपासून म्हणत होती, "चार हाका मारल्याशिवाय तुम्ही ओ देत नाही. कान दाखवून या एकदा." आपण मुद्दामच ओ देत नाही, हे आजवर मामांना पक्कं ठाऊक होतं. आता त्यांची खात्री डळमळली. त्यांनी गुपचूप स्वतःची परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात चमचा पडला, तो ऐकू आला. मोरीतला नळ ठिबकत होता, तोही. मग तेवढी टकटकच कशी निसटते? काही ठरावीक आवाज आधी जातात, असं कोणीसं म्हणालं होतं.

साहेब रोज नवी भर घालायचे. "सिग्नलला उभं राहिलं की जास्त येते. आणि काचा लावल्या की विचारूच नका." मामा मान डोलवायचे. "रात्री डोळ्याला डोळा लागत नाही हो," साहेब काल म्हणाले. "अंथरुणावर पडलो तरी तीच टकटक डोक्यात. एवढी महागाची गाडी, जीव लागतो माणसाचा."

शेवटी मामांनी ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. गाडी दाखवायला नेली आणि तो म्हणाला, 'हा काय, खणखणीत येतोय की आवाज,' तर साहेबांसमोर शोभा व्हायची. त्यापेक्षा फोन बरा.

"साधं घालता होय?" मिस्त्री हसला. "अशा गाड्यांचे फार नखरे असतात, मामा. साध्यावर टकटक करणारच. टाकीभर प्रीमियम घालून बघा."

साहेबांनी आधी नाक मुरडलं. मग म्हणाले, "घाला. बघू तुमचा मिस्त्री काय दिवे लावतो ते."

आणि आता पंपवाला नळी धरून ताटकळत होता.

"प्रीमियम," मामा म्हणाले. "टाकी फुल कर."

पंपावरून निघताना साहेबांनी पेट्रोलच्या वासानं नाक धरलं आणि चारी काचा खाली करायला लावल्या. बाजारातून गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्यांचा आरडाओरडा. मामांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात, साहेबांच्या चेहऱ्यावर. 'गेली का हो टकटक?' असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? हो म्हणावं आणि ती चालूच असली तर? नाही म्हणावं आणि ती खरंच गेलेली असली तर?

साहेबांनी गुडघ्यावर थाप मारली. "गेली हो, मामा! गेली!"

"कधीचीच गेली, साहेब," मामा ताबडतोब म्हणाले.

"इतकी वर्षं माझंच चुकलं म्हणायचं. तुमचे कान मात्र तयार आहेत हं. यापुढे प्रीमियमच घालायचं."

मामांना तिथल्या तिथे गाडी थांबवून रडावंसं वाटलं. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. कान गेले असतील तर जाऊ देत, टकटक तर गेली! घरी पोचेपर्यंत ते चक्क गुणगुणत होते. आज बायकोच्या पहिल्याच हाकेला ओ द्यायची, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

घरामागच्या गॅरेजमध्ये त्यांनी गाडी हलकेच आत घेतली, इंजिन बंद केलं आणि चारी काचा वर चढवल्या. उतरून किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि गॅरेजचं शटर खाली ओढलं. बाजाराचा सगळा कलकलाट बाहेर राहिला.

साहेब अजून उतरले नव्हते. मामांनी अदबीनं मागचं दार उघडलं. साहेब डोळे मिटून, एक बोट वर धरून बसले होते.

"आली बघा परत," ते अगदी हळू म्हणाले. "बंद करा ते इंजिन, मामा."