अखाजीचा मुराळी

“आबा, गाडी तठेच थांबाडा!”

हिलालने कासरा ओढला. रनाळ्याच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पलीकडे गळ्यात शिट्टी अडकवून उभा कोण, तर त्याचाच पोरगा ललित! दोन दिवसांपूर्वी हिलाल बैलगाडी घेऊन निघाला, तेव्हा इथे साधा काटा नव्हता.

“काल सांजले ठराव व्हयना,” ललित रुमालाआडून म्हणाला. “बाहेरगावतीन येनारले गावमा सोडानं नही. मी समितीमा शे, आबा. मन्हाच घरना मानसंनी नियम मोडा तं लोके काय म्हनतीन?”

 मागे गाडीत हिलालची बहीण सुंदरबाई बसली होती, आणि उद्यावर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. खानदेशात या सणाला लेकी माहेरी यायच्या आणि भावानं मुराळी होऊन त्यांना आणायला जायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. अखाजीला निघालेली लेक माहेरच्या शिवेवरून माघारी गेली, असं रनाळ्यात कधी कोणी ऐकलं नव्हतं. आणि ते घडायचं नेमकं आपल्याच हातून?

बरं, जपण्यात त्यानं काही कसर ठेवली होती का? छे! मागची अखाजी टाळेबंदीत सुनी गेली. यंदा दुसरी लाट आली, तसं त्यानं मनाशी ठरवलं की आणीन तर अशी आणीन, की आजाराला वाससुद्धा लागायचा नाही. एसटी नको. माणसं कोंबणारी काळी-पिवळी तर नकोच नको. शेणखत वाहायची बैलगाडी त्यानं दोनदा धुतली, वर ताडपत्री बांधली. दोघा बहीण-भावांनी लसीची एकेक सुई टोचून घेतली होती. बहिणीच्या सासरी, धानोऱ्याला पोचल्यावर भाच्याच्या, हेमराजच्या घरात त्यानं पाऊल टाकलं नाही. मळ्यात लिंबाखाली पडला, घरून नेलेली भाकर खाल्ली. येताना शहर टाळून शेतवाटांनी आला. तो पुढे, ती पार मागे, पाण्याची मडकीही वेगळी. अख्ख्या जिल्ह्यात एवढ्या जपून कोणी प्रवास केला असेल तर मिशी उतरवीन, असं त्यानं वाटेत छातीठोकपणे सांगितलंही होतं.

“मिशी रुमालमा शे, कोन देखस?” सुंदरबाई मागून ओरडली होती.

अंतर राखायचं, म्हणून दोघं दिवसभर ओरडूनच बोलत होते. शेतातली पाखरं उडत होती. ओरडता ओरडता हिलाल कधी पंचेचाळीस वर्षं मागे गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. तेव्हा बैलांच्या शिंगांना गोंडे असायचे. धानोऱ्याच्या गल्लीत गाडी शिरली की सुंदर ओट्यावरून उडी मारायची, सासू ‘हळू’ म्हणेपर्यंत बोचकं घेऊन गाडीत! मग वाटभर गाणी, पाडाच्या कैऱ्या, मीठ-मिरची. घरी माय दारातच भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी असायची. ते सगळं आठवून त्याला भडभडून आलं.

“काय दिन व्हतात बाई ते!” तो म्हणाला होता. “तुले लेवाले निंघनू, का मी राजाच व्हयी जाऊ!”

सुंदरबाई त्यावर काही बोलली नव्हती. वाऱ्यानं ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं.

आणि आता हा राजा स्वतःच्या गावाबाहेर उभा होता.

“काही मारग शे का नही?” त्यानं लेकाला विचारलं.

“दोन शेतस,” ललितचाही आवाज पडला होता. आत्यावर त्याचाही जीव होता. “हेमराजभाऊले फोन करस, तो फटफटी लई येई अन् फुईले घर ली जाई. नही तं शाळामा चौदा दिन राहानं पडी. तुम्ही बी बाहेरतीन उनात, म्हनीसन तुम्हले बी. जेवन घरतीन येई. पन भेटाले कोन्ही येनार नही.”

चौदा दिवस! पासष्टीच्या बाईनं शाळेच्या फरशीवर पडायचं? ना अखाजीचा झोका, ना भावजयीच्या हातची पुरणपोळी. हिलालला पोराचा राग आला, समितीचा आला, त्या मेल्या आजाराचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. म्हातारपणी मुराळी व्हायची हौस! घ्या आता.

“बाई, मन्हं चुकनं,” तो मागे न बघताच म्हणाला. “तुले उगाच तरास दिधा. मीच तुले घर पोचाडी देस.”

त्यानं कासरा ओढला. बैल नाराजीनं वळू लागले.

“थांब भाऊ!”

हिलालने मागे पाहिलं. सुंदरबाई ताडपत्रीचा बांबू धरून गाडीत उभी राहिली होती. तोंडावरचा पदर तिनं तसाच घट्ट धरला होता, पण डोळे वाहत होते.

“तू लेवाले ये, तेवढंच तुले याद शे,” ती म्हणाली. “तिसरे दिन सकाळमा तू वावरमा निंघी जाये. अन् माले ली जावाले दारमा गाडी उभी. पहिले तुन्हा पाव्हना, आते हेमराज. पंचेचाळीस अखाज्या व्हयन्यात, भाऊ. माहेरमा चवथा दिन कसा उगस, ते मी आजलगुन देखेल नही.”

हिलालच्या हातातला कासरा सैल पडला. 

सुंदरबाईनं डोळे पुसले आणि ललितकडे वळून, कोणी आपलं ऐकून नियम बदलेल की काय अशा हळू आवाजात विचारलं,

“पुरा चौदा ना रे, बेटा? अन् मधमा कोन्ही माले लेवाले येनार नही?”