दोन्ही झेंड्या

बुद्धिबळाच्या पटाशेजारच्या घड्याळात रोहनीलच्या बाजूची लाल झेंडी पडली. त्याची पाच मिनिटं संपली. आता विलियामेने नुसती मान वर करून ‘वेळ’ म्हणायचं, की डाव त्याचा. पण तो मान वर करेल तर ना!

विलियामेच्या मागे त्याची थोरली बहीण सेरेआना उभी होती. पडलेली झेंडी खेळणाऱ्यानेच दाखवायची, पंचाने नाही. आणि बघ्यांपैकी कुणी तोंड उघडलं तर त्याच्याच पोराचा डाव गेला, हे फिजीतल्या लौतोकाच्या त्या शाळेत सकाळीच बजावून झालं होतं. जिंकला तर विलियामे संघातून ऑकलंडला जाणार होता, बरोबरी झाली तर रोहनील. पुढच्या वर्षी विलियामे वयोगटात बसणार नव्हता.

घड्याळाकडे बघायचं नाही, पटाकडे बघायचं, हे तिनेच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. काटा बघितला की हा घाबरायचा, म्हणून सरावाच्या वेळी ती आपला लुंगीसारखा सुलू टाकून घड्याळ झाकून ठेवायची. नको तिथे शहाणपण केलं होतं तिने.

ती खोकली. शेजारच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, पंचांनी डोळे वटारले. ती पाणी प्यायली.

विलियामे मात करायच्या नादात होता. हत्ती सरकवून त्याने बटण दाबलं. रोहनीलने राजा हलवला, आणि त्याची नजर घड्याळावर गेली, तिथून सेरेआनावर आली. त्यालाही कळलं होतं. तो कशाला बोलेल? विलियामे पटावर वाकून विचार करत राहिला. एकदा बघ रे, एकदाच, असं ती मनात घोकत होती. विलियामेची झेंडी काट्यावर चढली, लोंबली आणि पडली.

मग रोहनीलने हात वर केला. पंचांनी दोन्ही बाजू पाहिल्या. दोघांचीही वेळ संपलेली, म्हणजे बरोबरी.

विलियामे उठलाच नाही. “ताई, त्याची आधी पडली होती का गं?”

“नाही रे. बरोबरच पडल्या.”

रोहनील सोंगट्या खोक्यात भरत होता. त्याचा हात थांबला. “दीदी, खरं तर माझी...”

“बाळा, तुझं प्यादं पडलंय टेबलाखाली,” सेरेआना म्हणाली. “बघ जरा.”

खाली काहीच पडलं नव्हतं. रोहनील वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.