नीट धर

"रेघ सरळ आली का रे?" शिडीवरून ताईनं विचारलं. मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी ती रंगवत होती. पाटीला नाक लावून रंगवणाऱ्याला रेघेचा तिरकेपणा दिसत नाही, तो खालच्यानं सांगायचा. खालच्याचं आणखी एकच काम, शिडी धरायची. दोन्ही कामं तिच्या धाकट्या भावाकडे होती.

भाऊ आत्ताच भिंतीआड जाऊन गांजा ओढून आला होता. डोळे लाल, चेहऱ्यावर साक्षात्कार.

"ताई, हा अनुस्वार बघ. सगळा मेंदू त्या एका ठिपक्यात आहे."

"रेघ सरळ आहे का?"

"कुठली रेघ?"

तिनं ब्रश डब्यात बुडवला. ओढली की याचा मेंदू उघडतो म्हणे. बाकी सगळ्यांचा बंद, त्यात ताईही आली. उघड्या मेंदूत तिचा प्रश्न काही टिकत नसे. तरी आईचं पालुपद ठरलेलं, की परका कशाला, सख्ख्या भावासारखी शिडी कोण धरणार? म्हणून तर उद्याच्या तीन मजली दुकानाच्या पाटीसाठीही ताईनं त्यालाच सांगून ठेवलं होतं.

'दू'चा ऊकार ती ओढत होती, तेवढ्यात पायाखालची शिडी सरकली. तिनं पाटीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. रंगाचा डबा खाली फरशीवर आपटला. तिनं खाली पाहिलं तर शिडीपाशी कुणीच नव्हतं. भाऊ रस्त्यापलीकडे जाऊन, मान तिरकी करून, अनुस्वार लांबून न्याहाळत होता.

दवाखान्याचा वॉचमन धावत आला आणि त्यानं शिडीवर पाय रोवला. ती खाली उतरली. भावाला चार शब्द सुनवावेत म्हणून ती वळली, पण त्याचं ते हसरं तोंड पाहून शब्द वाया घालवावेसे वाटेनात. राग माणसावर येतो. तिला नुसती किळस आली.

"रेघ कशी वाटते?" तिनं वॉचमनला विचारलं.

त्यानं पाटीकडे पाहिलं. "डावीकडे उतरलीय जरा."

"उद्या मोकळे आहात का?"

उद्या त्याची सुटीच होती. येतो म्हणाला.

एव्हाना भावाला आपलं काम आठवलं होतं. रस्ता ओलांडून तो लगबगीनं आला, तिच्या अंगावरूनच पुढे गेला आणि दोन्ही हातांनी शिडी पकडून, पाय फाकवून उभा राहिला. रिकामी शिडी इतकी जीव लावून आजवर कुणी धरली नसेल.

"ताई, बिनधास्त रंगव. मी आहे खाली."

ती त्याच्या पाठीमागे ब्रश पुसत उभी होती.

"नीट धर हं," ती म्हणाली.

"धरलंय ना," तो वर बघून म्हणाला.