सारखी उत्तरं

नेवेना हातावर ओठ टेकवायला वाकली आणि मेतोदी मास्तरांनी हात मागे घेतला.

"माफ करा, सर," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली.

ईस्टरचे उपास दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते. उपासांच्या आदल्या दिवशी, रविवारी, धाकट्यांनी थोरल्यांकडे जाऊन माफी मागायची, थोरल्यांनी "देव माफ करो, मीही केलं" म्हणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून हलवा खायचा. माफी कशाबद्दल, हे कोणी विचारत नसे.

"कशाबद्दल?" मास्तरांनी विचारलं.

बानित्सा, चीज भरलेली खारी पोळी, कापणाऱ्या त्यांच्या बायकोची, झ्लाताबाईंची, सुरी थांबली. "अहो, असं कुणी विचारतं का? पोर वाकून उभी आहे. म्हणून टाका की."

पोर बावन्न वर्षांची होती. राजधानीत, सोफिया शहरातल्या एका प्रयोगशाळेत, ती दगडांची वयं काढायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. तिचे वडील, गावचे जुने पाद्री, थंडीच्या आधी वारले. त्यांचं घर आवरायला ती आली होती.

मास्तरांनी सकाळपासून एक वाक्य घोकलं होतं. माफी आपण मागायची, ती यायच्या आत उठून दारापर्यंत जायचं, असं ठरलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला आणि तीच आधी येऊन वाकली.

"अजून परीक्षा घेताय होय तिची, मास्तर?" टेबलाशी बसलेला रुफात म्हणाला. मशिदीतल्या इमामांचा तो मुलगा. नेवेनाच्याच वर्गातला, आता ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दर वर्षी या रविवारी तो न चुकता यायचा.

नेवेना सरळ झाली नाही. "खरं सांगू, सर? चाळीस वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात. बाबा गेले, आता त्याही देववत नाहीत."

"पेपरबद्दल?"

"पेपरचं काही नाही. तुम्ही बाबांना बाकावर बसवलंत."

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पेपरात पृथ्वीचं वय किती, असा प्रश्न होता. आकडा दोघांनीही बरोबर लिहिला होता, साडेचार अब्ज वर्षं. आणि दोघांनीही त्याखाली एकेक ओळ जास्तीची लिहिली होती. नेवेनाने लिहिलं होतं, सूर्य देवाने चौथ्या दिवशी केला, मग आधीचे तीन दिवस आपल्या दिवसांएवढेच होते हे कोणी मोजलं? रुफातने लिहिलं होतं, देवाकडचा एक दिवस म्हणजे आपली हजार वर्षं, कधी पन्नास हजारही, तेव्हा सरांचा आकडा आम्हाला चालतो. मास्तरांनी दोन्ही पेपरांवर लाल शाईने 'बघून लिहिले' असा शेरा मारला आणि सहापैकी दोन गुण दिले. मग पाद्री आणि इमाम, दोघांना शाळेत बोलावलं. मुलांच्या पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसवलं आणि भर वर्गात विचारलं, "तुमच्यातलं कोण कोणाला शिकवतं?" इमामांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. वर्ग हसला. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. मागच्या भिंतीशी जिल्ह्याचा निरीक्षक बसला होता; तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीत शाळेत देवाचं नाव चालत नसे.

"बघून लिहिलं म्हणे," रुफात हलव्याचा तुकडा मोडत म्हणाला. "ही पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. एवढी नजर असती तर विमान चालवलं असतं मी."

झ्लाताबाई हसल्या. नेवेनाच्या वाकलेल्या पाठीलाही हसू आलेलं दिसलं.

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

हसणं थांबलं.

"बघून लिहिलं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. वाचताना वाटलं होतं, यात चूक काही नाही. आकडा मान्य केलाय, देवही ठेवलाय. आणखी काय हवं मास्तराला? पण निरीक्षक ते पेपर चाळणार होता." त्यांनी घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "तुझे बाबा पुढे रोज दिसायचे. टोपी काढून नमस्कार करायचे. मी रस्ता बदलायचो."

मग त्यांनी टेबलाची कड धरली आणि एकेक गुडघा टेकवत खाली बसले. झ्लाताबाई पुढे झाल्या, पण मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं. नेवेनाचा हात धरला, त्यावर कपाळ टेकवलं.

"सर, असं नका करू. तुम्ही थोरले."

"माफ कर."

तीही खाली बसली. तिलाही आधी माफी हवी होती. दोघांच्या माना खाली, एकाचीही वर येईना.

"आता म्हणायचं कोणी?" झ्लाताबाई पुटपुटल्या.

"दोघांनाही माफ," रुफात घास गिळून म्हणाला. "उठा आता. बानित्सा गार होतेय."

नेवेना डोळे पुसत हसली. तिने मास्तरांना काखेत हात घालून उठवलं, खुर्चीत बसवलं. मास्तरांना खूप हलकं वाटलं. झ्लाताबाईंनी पुढे केलेली बशी त्यांनी घेतली, आणि ती हातात असतानाच त्यांची नजर समोर गेली. रुफात बोटाच्या टोकाने टेबलावरचा हलव्याचा चुरा गोळा करत होता. त्याच्या केसांत पांढरं किती झालं होतं, हे त्यांनी आजच पाहिलं.

"रुफात," ते म्हणाले. "तुझे वडीलही होते त्या बाकावर."

"होते."

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा टेबलाची कड धरली.

"बसा, मास्तर," रुफात वर न बघता म्हणाला. "हा दिवस तुमच्या लोकांचा. मी हलव्यासाठी येतो."