पुरचुंडी

परमुलखात बेवारस मेलेल्या मजुरांची घरं शोधायचं काम आशियातल्या चर्च-संस्थांनी मिळून हाती घेतलं होतं. त्यासाठी हिंगणघाटचे पास्टर कापडाची एक पुरचुंडी गावोगाव दाखवत वडनेरला शालूबाईच्या वांग्याच्या वावरात आले.

"मलेशियात तीन वर्षांआधी पुरलेल्या एका पोराच्या गळ्यात होती, बाई."

शालूबाईनं गाठ सोडली. काठ तिच्याच जुन्या लुगड्याचा, आतली काळी माती याच वावरातली. पोरगा नीरज कामासाठी तिकडं निघाला तेव्हा तिनंच ती बांधून दिली होती.

"पण माहा नीरज तर जिता हाये. रोज दुपारी फोन करते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"माय," नीरज म्हणाला, "माती भेटली का?"