प्रश्नमंजुषेचं सतरावं वर्ष

"बाबा गेल्या महिन्यात गेले," टीव्हीवर माझी लेक रडत रडत म्हणाली. ती स्वतः माझ्या शेजारी सोफ्यावर बसली होती आणि मी मटार सोलत होतो. माझ्यासाठी अख्खा स्टुडिओ दोन मिनिटं उभा राहिला. मग सूत्रसंचालकाने डोळे पुसले आणि तिला पहिला प्रश्न विचारला, गाईला पाय किती? पहिल्या वर्षी याच कार्यक्रमात भल्याभल्या प्राध्यापकांना घाम फुटायचा. तो बघूनच मी पोरीकडून सगळ्या जगाचा नकाशा घोटून घेतला होता.

"मी कशाने गेलो गं?"

"अपघाताने." तिने मान वर केली नाही. "पाच वर्षं यांच्या निवड चाचणीत पहिली आले, बाबा. पाचही वेळा घरी पाठवलं. या वेळी तिथली बाई म्हणाली, उत्तरं काय, शंभर जणांना येतात. घरात काही घडलंय का ते सांग."

"म्हणून मला मारलंस."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला.

"अंतिम फेरीत घेतलंय," ती म्हणाली. "पण बाबा गेल्याचं आता जुनं झालं. दुसरं काहीतरी आणा म्हणतात."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. आता ही पोरीच्या कानाखाली वाजवणार, असं मला वाटलं.

"मला कॅन्सर झालाय म्हणून सांग," बायको म्हणाली. "पण लगेच मारू नकोस. अंतिम फेरी तीन आठवडे चालते."