काकूची मुखपट्टी

ओटीत आलेला, जपून ठेवलेला रेशमी खण प्रभावतीबाईंनी कात्रीखाली घातला. घरातल्या प्रत्येक बाळाचे झबले त्यांनीच शिवले होते. साथ आली आणि अख्खी आळी मुखपट्ट्या मागू लागली, ती मात्र त्यांच्या धाकट्या जावेकडे, कुमुदकडे!

शिवून होताच त्यांनी औषधाचे दुकान उघडायला निघालेल्या मुलाला अडवले. "श्रीपाद, ही बांध."

त्याने मुकाट्याने बांधली, पण उंबऱ्यापाशीच सोडली. "आई, दिसते झकास, पण जीव घुसमटतो गं. काकूची कशी मऊसूत असते!" आणि काकूचीच बांधून तो निघाला.

बाईंचा तिळपापड झाला. खोट काढायचीच म्हणून त्यांनी जावेच्या टोपलीतली एक मुखपट्टी उलटी केली. आत रफू होता, आणि टाके त्यांच्याच हातचे होते.

"कुमुद, हे कापड कुठलं?"

"तुमचंच जुनं लुगडं, जाऊबाई. पायपुसणं कर म्हणून दिलं होतंत. एवढं मऊ कापड, पायाखाली घालवेना."

बाई तरातरा सज्जात गेल्या आणि खाली वळणापाशी पोचलेल्या मुलाला, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्रीपाद, जपून वापर हो! लुगडं माझं आहे ते!"